मेर्कादाची सुरी

सलोनिकाच्या मासळीबाजारात, चौथ्या फळीवर
मेर्कादा बसायची.
मेर्कादा म्हणजे विकत घेतलेली.
लहानपणी तापात गेल्यात जमा होती,
तेव्हा आईने तिला शेजारणीला विकलं, दोन नाण्यांना,
मृत्यू दारात आलाच तर त्याचा पत्ता चुकावा म्हणून.
चुकला.

मी तिच्या टोपल्या उचलायचो. नऊ वर्षांचा होतो.
खवले केसांत, भुवयांत, कानामागे.
शुक्रवारी आई राखेने डोकं घासायची,
तरी शब्बाथच्या दिव्यांसमोर मी चमकायचोच.

हाखाम बेनव्हेनिस्ते दर गुरुवारी बोय घ्यायला येत,
आणि घासाघीस करता करता
मसीहाच्या दिवसांबद्दल असं बोलत
जणू ते दिवस पुढच्या बोटीने धक्क्यावर उतरणार आहेत.
जमिनीतून भाकरी उगवतील, भाजलेल्याच.
रेशमी अंगरखे शेतात डोलतील.
आणि लिव्हायथन!
त्याच्या कातड्याचा मंडप, त्याच्या मांसाची पंगत,
मादी तर देवाने केव्हाच मारून खारवून ठेवलीय
नीतिमानांसाठी.

"केव्हापासून खारवलीय?"
"जगाच्या पहिल्या आठवड्यापासून."
"मग भिजत घालायला महिना लागेल," मेर्कादा म्हणाली.
"पर आहेत? खवले आहेत?"
"आहेत."
"म्हणजे चालतो. साफ कोण करणार?"
"देवदूत."
"देवदूतांना पित्त न फोडता आतडं काढता येतं?"

सगळी फळी हसली. हाखामही.
मग म्हणाले, आमच्यातले काही जाणते सांगतात,
त्या दिवसांत यातलं काहीच होणार नाही,
फक्त आपल्या मानेवर परका राजा नसेल.
मेर्कादाने सुरी पुसली.
सुलतान गेला होता, राजा आला होता,
महसूल मागणाऱ्याची टोपी बदलली होती, हात तोच.
"म्हणजे बाजार राहणार," ती म्हणाली. "बरं झालं.
भाकरी शेतात उगवल्या
तर आमच्या लुनाच्या भट्टीचं काय, याचीच चिंता होती."

बोखोरबद्दल तिने एकदाच विचारलं.
थोरला, म्हणून बोखोर.
एका मंगळवारी काराबुर्नूच्या टोकापलीकडे नाव उलटली,
नाव सापडली.
"मेलेले भुयारांतून गडगडत जेरुसलेमला जातील म्हणता.
समुद्राखालून भुयार आहे का?"

हाखाम बराच वेळ बोयकडे बघत राहिले.
मग त्यांनी त्या हाडाबद्दल सांगितलं.
मानेच्या तळाशी असतं, बदामाएवढं,
पाण्यात विरघळत नाही, आगीत जळत नाही,
ऐरणीवर ठेवून घण घातला तर ऐरण फुटते.
त्या एवढ्याशा हाडापासून
माणूस पुन्हा फुगून येईल, आंबवलेल्या पिठासारखा.

त्या दिवसापासून
मोठा मासा फाडला की मेर्कादा पोटात बोटं फिरवायची.
जे काही कडक लागेल ते दगडावर ठेवायची,
वर पावशेराचं वजन आपटायची.
कट्.
"पुढे कोण?" म्हणायची. "काय देऊ?"

आणि एका गुरुवारी, पैसे मोजून घेताना:
"हाखाम, त्या पंगतीत मला पान नको.
सुरी तेवढी माझ्या हातात द्यायला सांगा.
धाकट्याला थोरल्याने खाल्लं, त्याला त्याहून थोरल्याने,
सगळा हिशेब शेवटी त्याच पोटात जाणार.
देवदूत घाईत कापतील.
एक नाणं कमी आहे."

त्यांनी नाणं दिलं.

पुढे मला मामाने मॉन्टेव्हिडिओला नेलं.
मागे राहिलेल्यांना, अख्ख्या फळीला,
आगगाडीने उत्तरेला नेलं, जिथे समुद्र नव्हता.
आगीत जळत नाही, असं हाखाम म्हणाले होते.
तेही त्याच गाडीत होते.

इथला मासा वेगळा, काटे जाड.
जेवण झालं की मी ते ताटाच्या कडेला लावतो,
चमच्याच्या पाठीने एकेक ठोकतो.
नात विचारते, आजोबा, हे काय?
काही नाही, म्हणतो.
बहुतेक मोडतात.